पाहुण्याचं पाणी

शंकरमामांचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी पाण्याच्या दाबावरून भांडत होते. "मॅडम, आमच्या वाडीचं पाणी परत पास झालं," मामा म्हणाले, आणि आवाज असा की घरातलं कुणी दवाखान्यात आहे. मी म्हटलं, "अरे वा, छान झालं."  मामा म्हणाले, "तिसऱ्यांदा पास झालं. आता तुम्हीच या."

शंकरमामा म्हणजे आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई. पुण्यातल्या कॉलेजांत शिपायाला मामा म्हणतात, मग त्याचं वय काही का असेना. मी तिथंच प्रयोगशाळा सहाय्यक होते. पोरांनी फोडलेल्या काचनळ्यांबद्दल मी ओरडायचं आणि न फोडलेल्या मामांनी धुवायच्या, अशी आमची अर्ध्या आयुष्याची वाटणी. निवृत्त झाल्यावर मामा पोलादपूर तालुक्यातल्या आपल्या डोंगरावरच्या वाडीला गेले. त्या वाडीला एकच झरा. तीन वर्षांपासून त्याच्या पाण्याला वास येतो, गेल्या पावसाळ्यात मामांच्या नातीला कावीळ झाली, आणि सरकारी तपासणीचा शेरा मात्र दर वर्षी एकच: पिण्यास योग्य. पाणी नापास झाल्याशिवाय तक्रार पुढं सरकत नाही. आमच्या कॉलेजात पास होण्यासाठी लोक काय काय करायचे ते मी पाहिलंय, पण नापास व्हायची इतकी धडपड आणि इतकं अपयश कुठं पाहिलं नव्हतं. मी दिवाळी आटपली, चार निर्जंतुक बाटल्या आणि थर्माकोलचं एक खोकं घेतलं आणि निघाले.

आंबेनळी

महाबळेश्वर मागं टाकून एसटी आंबेनळी घाटात उतरली तेव्हा दुपार होत आली होती. ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली ती एका धबधब्याजवळ. दिवाळीनंतर इथले धबधबे करंगळीएवढे उरतात, तरी त्या करंगळीखाली एक मोटार उभी होती. नंबर आमच्याच पुण्याचा. मालक बर्म्युडा घालून तिला शाम्पू लावत होते आणि बाईसाहेब टपाच्या वरून पाणी ओतत होत्या. मला गप्प बसवेना. म्हटलं, "अहो, हे पाणी खाली लोक पितात."

"वाहतं पाणी आहे, मॅडम," गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले. "वाहत्या पाण्याला दोष नसतो."

बाईंनी मला वेफर्स देऊ केले. माणसं वाईट नव्हती. फेस ओघळून रस्त्याकडेच्या गटारात गेला, गटारातून दरीत गेला आणि दिसेनासा झाला, म्हणजे त्यांच्या हिशेबी संपला. मी फार तावातावानं बोलायला नको होतं. आमच्या सोसायटीत रोज सकाळी सगळ्या गाड्या नळीनं धुतल्या जातात आणि पाणीटंचाईची मीटिंग त्याच ओल्या पार्किंगमध्ये भरते. मी तिथं दर वेळी पहिल्या खुर्चीत असते.

वाडी

घाटाच्या एका वळणावर मामा काठी टेकून उभे होते. वाडीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. वाडीत पंधरावीस घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद, कारण माणसं मुंबईला. उरलेल्यांकडं नाचणीची खाचरं, शेळ्या, दोनचार म्हशी. वाडीच्या डोक्यावर, अगदी माथ्यावरच्या सपाट सड्यावर, एक रिसॉर्ट. त्याच्या नावात झरा आहे, म्हणून तेही लिहीत नाही. कमानीवर लिहिलंय, 'निसर्गाच्या कुशीत'.

मामांच्या ओट्यावर टेकते न टेकते तोच त्यांच्या बायकोनं, काशीमामींनी, गुळाचा खडा आणि तांब्या पुढं ठेवला. आमच्या पुण्यात पाहुण्याला 'पाणी हवंय का' असं विचारतात आणि तो हो म्हणाला की जरा दचकतात. इथं विचारणं नाहीच. पाणी इतकं गार आणि इतकं गोड होतं की मी अख्खा तांब्या रिकामा केला, मग दुसरा मागितला. आणि मनात म्हटलं, मामांना निवृत्ती मानवलेली दिसत नाही, एवढ्या अमृताला नावं ठेवतायत.

"बरं लागलं ना, ताई?" मामी समाधानानं म्हणाल्या आणि हंड्यावर झाकण ठेवून आत गेल्या.

मामांची सून सुगंधा दारात उभी होती. बारावी झालेली, नवरा मुंबईत टेम्पो चालवतो. कडेवर चार वर्षांची आर्वी. ही नावंही आता मुंबईहूनच येतात. सुगंधानं आडपडदा ठेवला नाही. "काकू, माझं सरळ हाय. हिला परत कावीळ झाली तर मी हितं रहात नाय. नालासोपाऱ्याला ह्यांची एक खोली हाय, चौघं जण झोपतात तितं. तरी जाईन. मग ही दोघं म्हातारी नि शेळ्या." मामा पायांकडं बघत राहिले. पिशवी आत्ताच भरून ठेवलीय, असंही ती म्हणाली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, पाणी बदला. झरा काय साडी आहे बदलायला?

मग आम्ही झरा बघायला गेलो. मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळानं त्याचा जीर्णोद्धार केलाय. पूर्वी कपारीतून पाणी यायचं, ते गावंढळ दिसतं म्हणून कपारीला सिमेंट, सिमेंटवर निळ्या फरश्या, फरशांवर देणगीदारांच्या नावांचा संगमरवर. गवंड्यानं काम इतकं पक्कं केलं की झऱ्याला बाहेर यायला जागा उरली नाही. त्यानं काही दिवस विचार केला असावा, मग अर्धा फरशीच्या फटीतून आणि अर्धा चार पावलं खाली शेळ्यांच्या वाटेवर निघाला. आता शेळ्या जीर्णोद्धार न झालेलं पाणी पितात.

पण खरी गोष्ट वासाची होती. वाकून ओंजळ भरली तर त्यावर बारीक फेस, आणि वास हॉटेलच्या न्हाणीघरातल्या साबणाचा. त्या साबणाखाली आणखी एक वास होता, तो सांगायची गरज नाही. मामांनी काठीनं वर दाखवलं. रिसॉर्टचा सांडपाण्याचा शोषखड्डा झऱ्याच्या बरोबर डोक्यावर. बोअरवेल त्याच्या जरा बाजूला.

शाळेच्या पुस्तकात जलचक्राचं चित्र असतं. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, आणि सगळ्यांना जोडणारे निळे बाण. या डोंगरावर ते चक्र बरंच आटोपशीर केलंय. डोंगराच्या पोटातलं पाणी बोअरनं वर येतं, पोहण्याच्या तलावात आणि न्हाणीघरांत हिंडतं, खड्ड्यात उतरतं, झऱ्यातून निघतं आणि आर्वीच्या पेल्यात पडतं. ढगांना मधे त्रास नाही.

मला कोडं पडलं ते वेगळंच. ओट्यावर मी जे प्याले ते अमृत होतं, आणि हे तर तोंडात धरवत नाही. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "ते मला ठाऊक नाही, मॅडम. स्वयंपाकघर हिच्याकडं." तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस.

जेवायला कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी आणि वरीचा भात होता. मी पाणी पुन्हा मागून घेतलं.

हंडा

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी तोंड धुवायला बाहेर आले तर काशीमामी डोक्यावर हंडा घेऊन येत होत्या. झऱ्याच्या वाटेनं नाही, उलट्या बाजूच्या खिंडीतून. अंगावरचा घाम दिसत होता.

"मामी, झरा तर तिकडं."

"ह्ये पलीकडल्या वाडीचं," त्या हंडा उतरवत म्हणाल्या. "पावन्याचं."

मग कळलं ते असं. झरा बिघडल्यापासून घरची माणसं झऱ्याचंच पितात, उकळून. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, तेव्हा कधी उकळतं, कधी नाही. पण पाहुण्याला ते देता येत नाही. म्हणून घरात कुणी येणार असलं, की मामी खिंड ओलांडून तासाभरावरच्या दुसऱ्या वाडीतून एक हंडा आणतात. तो वेगळा ठेवायचा. वाडीतल्या सगळ्याच घरांत असा एक हंडा आहे.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. "मामी, तपासणीचा माणूस येतो, त्याला बाटली कोण भरून देतं?"

"मीच. आपलंच घर पयलं लागतं ना."

"कुठून भरता?"

मला काहीच कळत नाही अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हंड्यातनं. त्यो बिचारा उन्हाचा चढून येतो, घामानं भिजलेला. म्हनतो, मावशी, येवढ्या बाटलीत पानी द्या. आता त्याला काय घान देऊ? मला वाटलं, वाटंत पील."

मागच्या वर्षी तर आणखी गंमत झाली होती. तपासणी आहे असं कळल्यावर पंचायतीच्या माणसानं आदल्या दिवशी झऱ्यात ब्लीचिंग पावडरचं अख्खं पाकीट रिकामं केलं होतं. शेळ्या दोन दिवस पाण्याला तोंड लावेनात. त्याची गरजच नव्हती, बाटली हंड्यातूनच गेली होती.

हे मी हसत हसत सगळ्यांना सांगायला वळले तर सुगंधा मागंच उभी होती. हंडा वाडीतल्या सगळ्या बायकांना माहीत होता, अहवालही सगळ्यांना माहीत होता. दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती. तपासणीचा माणूस यायचा तेव्हा सुगंधा खाचरात असायची आणि मामा शेळ्यांमागं.

"तीन वर्सं, आत्या," ती सासूला म्हणाली. एवढंच. मग चुलीशी जाऊन बसली. मामींनी पदरानं हंडा पुसला, दोनदा पुसला. मला हसल्याची लाज वाटली.

आता नमुना आपणच नीट घ्यायचा, तोही थेट झऱ्यातून, असं ठरलं. मी खोकं उघडलं तर बाटल्या गायब. निर्जंतुक केलेली बाटली तोंड बांधून ठेवायची असते, तिला बोटही लावायचं नसतं. माझ्या चारही बाटल्या अंगणातल्या कुडावर उलट्या टांगलेल्या होत्या, लखलखत. "मळलेल्या वाटल्या," मामा म्हणाले. "काल संध्याकाळी राखेनं घासून झऱ्यावर विसळून आणल्या." सवय जात नाही. त्यातल्या दोन मी सुगंधाच्या कुकरमध्ये उभ्या करून शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्या. त्या दिवशी डाळ उशिरा शिजली.

नमुना गार ठेवायला बर्फ हवा. वाडीत बर्फ असणार कुठून? रिसॉर्टमध्ये होता, पण मागायला कुणी तयार होईना. शेवटी पोलादपूरच्या नाक्यावर मासेवालीनं तिच्या टोपलीतला दिला, वर पैसेही घेतले नाहीत.

महाड

मी, सुगंधा आणि आर्वी जीपनं महाडला पोचलो. पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी खोक्याचं झाकण उघडून नाक मागं घेतलं. "बाई, हे पाणी आहे की बांगडे?"

मी बर्फाची हकीकत सांगितली. त्यांनी जुने कागद काढले. "या वाडीचं पाणी उत्तम आहे. तीन वर्षं पास. तुमचा नमुना त्याच्याशी जुळला नाही तर मी काय लिहू?"

"जे दिसेल ते लिहा," मी म्हटलं. माणूस सरळ होता. पावती दिली आणि चार दिवसांनी या म्हणाला. जंतू वाढवून बघायला वेळ लागतो, त्यांच्यावर घाई करता येत नाही.

तुडील

एवढे दिवस करायचं काय, तर सुगंधाचं माहेर तुडीलला, सावित्रीच्या काठी. नदी वर पोलादपुरात उड्या मारत असते, इथं येईपर्यंत रुंद होऊन संथ पडते आणि खाडीचं पाणी तिच्यात चढतं. तिचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणतात, काठावर जाळं शिवत बसले होते. जाळं पाण्यात मात्र क्वचितच जातं, म्हणाले, सवय मोडू नये म्हणून शिवतो.

नानांनी मला पाणी दिलं ते बाटलीतलं, झाकण न फोडलेलं, खास माझ्यासाठी दुकानातून आणवलेलं. "पावन्याला नळाचं देत नाय आमी आता," ते म्हणाले. बाटलीवरच्या कागदावर बर्फाचा डोंगर आणि त्यातून निघणारा झरा छापला होता. डोंगरात पाहुण्यासाठी खिंड ओलांडतात, इथं दुकान गाठतात. घरचे दोन्हीकडं मिळेल ते पितात.

संध्याकाळी भरती आली. सकाळी वाहून गेलेली थर्माकोलची ताटं, पिशव्या, कुणाच्या तरी पूजेचं निर्माल्य हे सगळं रांगेनं परत वर चाललं होतं. मी बघतेय हे पाहून नाना म्हणाले, "वरचं सगळं खाली येतं. भरतीला आमी थोडं परत धाडताव." मला आंबेनळीतला फेस आठवला. वाहत्या पाण्याला दोष नसतो म्हणणारे ते गृहस्थ भरतीच्या वेळी इथं उभे राहायला हवे होते.

जेवताना माशाची आमटी फार सुरेख होती. कुठला मासा म्हणून विचारलं, तर मुंबईहून बर्फातून आलेला. आर्वीनं तीन वाट्या भात खाल्ला. कावीळ झाल्यापासून ती इतकं जेवली नव्हती, असं सुगंधा म्हणाली, आणि नाना म्हणाले, "हितंच ठेव हिला." ती उष्टी ताटं उचलायला लागली.

पुन्हा वाडी

अहवाल आला. पिण्यास अयोग्य. प्रयोगशाळेतले गृहस्थ जरा अवघडले होते, "वाईट वाटून घेऊ नका" असं काहीतरी म्हणाले. सुगंधानं कागद दोनदा वाचला, मग स्टँडसमोरच्या दुकानात जाऊन त्याला प्लॅस्टिकचं आवरण करून घेतलं. पोलादपूरला उतरली ती सरळ तालुक्याच्या साहेबांच्या दारात जाऊन बसली, मांडीवर आर्वी, पुढ्यात कागद. येणारा जाणारा विचारायचा काय झालं, आणि ती कागद वर करायची. दुपारी साहेबांनी सांगितलं, उद्या येतो.

त्या संध्याकाळी सुगंधानं सासूला बजावलं, उद्या साहेबांना झऱ्याचंच पाणी द्यायचं. मामाही म्हणाले, द्यावंच लागेल.  मामी रात्री जेवल्या नाहीत.

साहेब आले. त्यांच्यामागून रिसॉर्टचे मॅनेजर आले, पाहणीला आलेल्यांची गैरसोय नको म्हणून बंद बाटल्यांचं खोकं घेऊन. सगळी वाडी अंगणात जमली. मामींनी गुळाचा खडा आणि पेला साहेबांपुढं ठेवला.  मॅनेजरनी लगबगीनं बाटली पुढं केली. साहेब याच मुलखातले. म्हाताऱ्या बाईनं दिलेलं गूळपाणी टाकून बाटली फोडणं त्यांच्यानं होईना. त्यांनी बाटली बाजूला सारली, गूळ तोंडात टाकला आणि पेला उचलला.

मामींनी त्यांचं मनगट धरलं. "नको, साहेब. पोटात जायाला नको."

 मग सुगंधाचा आवाज आला, अगदी हळू. "आत्या, साहेबांना नको. मग आर्वीला रोज कसं चालतं?"

मामी ओट्याच्या कडेला खाली बसल्या. मी तिकडं बघू शकले नाही. कारण मीसुद्धा आठवड्यापूर्वी त्याच ओट्यावर बसून त्या पोरीसमोर दोन तांबे प्याले होते आणि तिसरा जेवताना मागितला होता.

साहेबांनी पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. मग स्वतः झऱ्यावर गेले, फरशीवरून घसरले, त्याच निसरड्या वाटेनं वर शोषखड्ड्यापर्यंत चढले आणि तिथंच उभ्यानं पंचनामा लिहिला. मॅनेजर बाटली हातात घेऊन मागं मागं चालत होते. रिसॉर्टला नोटीस निघाली आहे. तिला उत्तर द्यायला त्यांना मुदत आहे, उत्तर समाधानकारक नसेल तर पुन्हा नोटीस निघेल. तोवर संगमरवरावर, देणगीदारांच्या नावांखाली, लाल रंगानं लिहिलंय की हे पाणी पिऊ नये. मंडळाच्या मुंबईतल्या अध्यक्षांनी फोन करून विचारलं, लाल रंग निघतो का. सुगंधाची पिशवी अजून खुंटीला आहे, भरलेलीच.

मी निघाले त्या सकाळी मामी नेहमीसारख्या खिंडीतून हंडा घेऊन आल्या. त्यांनी तो माझ्यासमोरून आत नेला आणि झाकला. झाकणावर आर्वीचा छोटा पेला उपडा ठेवला. माझ्यापुढं त्यांनी तांब्या ठेवला नाही. त्या घरात पाहुणा असा कोरड्या तोंडानं कधी गेला नसेल. त्यांना ते किती जड गेलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मामा मधे काहीतरी बोलायला गेले, तर मी त्यांना डोळ्यानं गप्प केलं. मामी वळणापर्यंत पोचवायला आल्या, माझा हात हातात धरून चालल्या, आणि एसटी आली तेव्हा म्हणाल्या, "ताई, राग मानू नका."

मी म्हटलं, "मामी, मला तहानच नाहीये." घसा कोरडा पडला होता. गाडी घाट चढून महाबळेश्वरला पोचेपर्यंत मी पाणी घेतलं नाही.